कर्जाच्या कागदावरचा सिनेमा

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला, मुळा-मुठेच्या काठी, राज कपूरची राजबाग होती. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे (१९७८) चित्रीकरण या मळ्यात झाले. स्वतंत्र चित्रपटाची चर्चा निघाली की आपण कमी खर्च, अनोळखी चेहरे आणि महोत्सवांतले कौतुक यांवर बोलतो. त्यात राजबागेचे नाव कुणी घेत नाही. मला वाटते, घ्यायला हवे. चित्रपट स्वतंत्र आहे की नाही हे पडद्यापेक्षा कर्जाच्या कागदांवरून जास्त कळते. पैसा कुणाचा होता, आणि शेवटचा शब्द कुणाचा चालला?

दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. जोखीम त्यांची, निर्णयही त्यांचा. पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीत भांडवलदार भागीदार आले, मतभेद झाले आणि फाळके काही काळ सारे सोडून काशीला गेले. माणूस तोच, कसब तेच; बदलली ती फक्त पैशाची मालकी. ‘प्रभात’ने वेगळी वाट काढली. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम हे काम करणारेच भागीदार होते. ‘संत तुकाराम’ (१९३६) अशा घरातून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा स्टुडिओंची घडी विस्कटली आणि भाड्याच्या जागेत, सावकाराच्या पैशावर चित्रपट काढणारे निर्माते वाढले. व्यवसायात त्यांनाच ‘स्वतंत्र निर्माता’ म्हणत. आज ज्या शब्दाला आपण मान देतो, तो तेव्हा बहुतेकदा व्याजाखाली दबलेल्या माणसाचे वर्णन होता. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ मध्ये चित्रपटांसाठी वित्त महामंडळ सुचवले, ते याच दुखण्यावर. ते १९६० मध्ये स्थापन झाले.

राज कपूरने याच काळात ‘आग’ (१९४८) काढला, मग चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ बांधला. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) आपटला आणि कर्जाचा डोंगर झाला. त्यातून ‘बॉबी’ने (१९७३) बाहेर काढले. यावर कुणी म्हणेल, हा तर बाजारापुढे झुकलेला माणूस. झुकला, हे खरे. पण झुकायचे की नाही आणि किती, हे त्याने स्वतः ठरवले. प्रेक्षकाची गरज कुणालाच चुकलेली नाही. प्रश्न आहे तो मधल्या माणसाच्या हुकमाचा. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सरकारी पैसा घेणारा तरी स्वतंत्र कसा? पण त्याच महामंडळाच्या पैशावर मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ झाला, आणि त्याच्या संथ लयीला कोणत्याही वितरकाने थारा दिला नसता. देणारा कोण, यापेक्षा देताना तो काय मागतो, हे पाहावे लागते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (२००४) पैसा स्नेह्यांकडून उभा केला आणि सुवर्णकमळ मिळवले, मात्र प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला असे स्नेही मिळत नाहीत, आणि ही उणीव मला फार बोचते.

राजबागेच्या जागी आज एमआयटीचे विद्यापीठ आहे आणि तिथे चित्रपटकलाही शिकवली जाते. कॅमेरा आणि संकलनाइतकेच मन लावून तिथल्या मुलांना करारपत्र वाचायला शिकवावे: हक्क कुणाचे, किती वर्षांचे, आणि अंतिम संकलनावर सही कुणाची.