पाच रेआलची लढाई : द्वार्ननेच्या सार्डिन-कामगार स्त्रिया

३ मे १९२५. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील द्वार्नने या बंदरगावाने आपल्या नगरपरिषदेवर जोझेफिन पेन्काले यांना निवडून दिले. मासळीच्या कारखान्यात राबणारी, दोन मुलांची आई असलेली एक विधवा. मत देणारे सारे पुरुष होते, कारण फ्रान्समधील स्त्रियांना तोवर मताधिकारच नव्हता. म्हणजे जिला स्वतःला मत देण्याची मुभा नव्हती, ती लोकप्रतिनिधी झाली! हे कसे घडले ते कळण्यासाठी आधी सार्डिन या माशाकडे वळावे लागते.

सार्डिन म्हणजे आपल्या कोकणच्या तारलीची चुलतबहीण. द्वार्ननेच्या उपसागराखाली ईस नावाची नगरी बुडाली आहे, अशी ब्रेटन दंतकथा सांगतात; पण खरा पुरावा किनाऱ्यावरच आहे. गावालगत प्लोमार येथे रोमन काळातील दगडी हौद उभे आहेत. मासळी मिठात मुरवून तिचा ‘गारम’ नावाचा रस तेथे तयार होई. मासळी टिकवण्याचा उद्योग या किनाऱ्याला अठराशे वर्षांहून अधिक जुना आहे.

पुढे शतकानुशतके मासे दाबून पिंपांत भरले जात. मग हवाबंद डब्याचे तंत्र आले आणि १८५३ मध्ये गावात पहिला डबाबंद सार्डिनचा कारखाना निघाला. काही दशकांतच गल्लीगल्लीतून धुराडी उभी राहिली. पुरुष समुद्रावर, बायका कारखान्यात अशी गावाची वाटणी झाली. पुरुषांचे जिणेही सोपे नव्हते. सार्डिनला भुलवण्यासाठी पाण्यात टाकायची कॉड माशाची गाबोळी नॉर्वेहून येई आणि तिचा खर्च भारी पडे.

बायकांच्या कामाला घड्याळ नव्हते. सार्डिन काही तासांत नासते. म्हणून होड्या धक्क्याला लागल्या की पोरे गल्ल्यांतून हाका घालत फिरत आणि बायका लाकडी पादत्राणे वाजवीत कारखान्याकडे निघत. मुंडके आणि आतडे काढणे, मिठाच्या पाण्यात घालणे, धुणे, जाळ्यांवर वाळवणे, तेलात तळणे, डब्यात ओळीने रचणे, हे सारे त्यांचेच काम. मासळी संपेपर्यंत सुट्टी नाही. दिवसाचे बारा तास तर नित्याचेच. भरती मोठी असली की रात्रही त्यातच जाई, आणि रात्रीच्या तासांना जादा दर नव्हता. ८ तासांच्या दिवसाचा कायदा १९१९ मध्ये झाला, तो या दारांच्या आत शिरलाच नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीही रांगेत उभ्या असत. झोप उडवण्यासाठी बायका गात, आधी भक्तिगीते आणि पुढे क्रांतीची गाणी. त्यांच्या डोक्यावरच्या घट्ट पांढऱ्या टोपड्यावरून त्यांना नाव पडले ‘पेन सार्दिन’. ब्रेटन भाषेत ‘पेन’ म्हणजे डोके. चिडवण्यासाठी वापरलेला शब्द असावा असे वाटते, पण गावाने तो मिरवला.

१९२४ चा संप आभाळातून पडला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सार्डिन किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीशी झाली, घराघरांत उपासमार आली. मजुरी तेव्हा माशांच्या हजारावर मोजली जाई आणि मोजणारा मालकाचा माणूस. १९०५ मध्ये स्त्रियांनी संप केला आणि ताशी मजुरीची पद्धत मिळवली. हा पहिला विजय एरवी दोन ओळींत उरकला जातो. पण एकत्र नकार देता येतो, हे याच संपाने गावाला दाखवले. १९२१ मध्ये द्वार्ननेने सेबास्तियाँ वेली यांना नगराध्यक्ष केले. फ्रान्समधले ते पहिले साम्यवादी नगराध्यक्ष.

नोव्हेंबर १९२४ मध्ये स्त्रियांना तासाला ८० सांतीम मिळत. महागाईत ते पुरेनात. डबे बनवणाऱ्या एका कारखान्यातून ठिणगी पडली आणि चार-पाच दिवसांत सारे कारखाने थंडावले. मागणी होती सव्वा फ्रँकची. ब्रेटनमध्ये पाव फ्रँकला ‘रेआल’ म्हणत; म्हणून मोर्च्यांत घोष उठे, ‘पेंप रेआल आ वो!’, पाच रेआल होणारच. फ्रेंच राज्ययंत्रणेने गावंढळ ठरवलेली ही बोली रस्त्यावर हक्काची भाषा झाली.

नगराध्यक्ष दानिएल ल फ्लांशेक संपात सामील झाले. संघटक शार्ल तियों आणि ल्युसी कोल्यार आले. गावात सार्वजनिक स्वयंपाक सुरू झाला. मालक मात्र बोलायला तयार नव्हते. त्यांनी पैसे मोजून संपफोडे आणवले. १ जानेवारी १९२५ रोजी एका कॅफेत त्यांनी गोळ्या झाडल्या आणि ल फ्लांशेक यांच्या गळ्याला जखम झाली. संतापलेल्या जमावाने संपफोडे उतरले होते ते हॉटेल फोडले. या गोळीबाराने मालकांचीच बाजू उघडी पडली. ६ जानेवारीला, ४६ दिवसांनी, तडजोड झाली. स्त्रियांना ताशी १ फ्रँक, जादा वेळेला आणि रात्रीला वाढीव दर, शिवाय संपकऱ्यांवर सूड नाही. पाच रेआल मिळाले नाहीत, चार मिळाले. तरीही मालकांना कामगार-बायकांशी करार करावा लागला, हे महत्त्वाचे.

मग आली मेमधील निवडणूक. साम्यवादी पक्षाने देशात काही ठिकाणी स्त्रियांना मुद्दाम उमेदवारी दिली. द्वार्ननेत पेन्काले यांचे नाव यादीत आले. त्या संपाच्या पुढारी नव्हत्या, त्यातल्या एक होत्या. प्रशासनाने निवडीला आव्हान दिले. त्या साऱ्या काळात त्या सभांना बसल्या. अखेर नोव्हेंबर १९२५ मध्ये कॉन्सेई देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने त्यांची निवड रद्द केली. जी मतदार नाही, ती प्रतिनिधी कशी, एवढाच युक्तिवाद.

द्वार्ननेत आजही सार्डिनचे डबे भरले जातात. लोणी-साखरेत भिजलेला तिथला कुइन्यामान पर्यटक चवीने खातात, जुन्या नौका संग्रहालयात पाण्यावर तरंगतात. फ्रान्सच्या स्त्रियांना १९४४ मध्ये मताधिकार मिळाला आणि २९ एप्रिल १९४५ रोजी त्या पहिल्यांदा मतदानाला गेल्या, तीही नगरपरिषदेचीच निवडणूक. जोझेफिन पेन्काले तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या.