संयुक्त सूक्ष्मदर्शक कसा काम करतो?

पावसाळ्यात ताप आलेल्या रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून तपासणीस पाठविला जातो. त्यात हिवतापाचे परजीवी आहेत की नाहीत, याचा निर्वाळा अनेक प्रयोगशाळांत आजही संयुक्त सूक्ष्मदर्शकच देतो. तांबडी रक्तपेशी जेमतेम ७ मायक्रोमीटर व्यासाची, आणि परजीवी तिच्याही आत दडलेला!

या उपकरणात नळीच्या दोन टोकांना दोन भिंगे, खरे तर दोन भिंगसमूह, असतात. वस्तूजवळील वस्तुभिंगाचे नाभीय अंतर फार कमी असते. वस्तू या अंतराच्या किंचित पलीकडे ठेवली, की नळीत तिची मोठी, उलटी व वास्तव प्रतिमा तयार होते. ही प्रतिमा नेत्रभिंगाच्या नाभीय अंतराच्या आत पडत असल्याने नेत्रभिंग तिला साध्या भिंगाप्रमाणे आणखी मोठी करून दाखविते. अंतिम प्रतिमा उलटीच राहते. म्हणूनच काचपट्टी डावीकडे सरकविली, की दृश्य उजवीकडे सरकते. ४० पट वस्तुभिंग आणि १० पट नेत्रभिंग असल्यास एकूण वर्धन ४०० पट होते.

मात्र नुसते वर्धन वाढवून भागत नाही. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू अशा सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडली. त्यामुळे खेळण्यातील सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यावरचे हजार-बाराशे पटींचे आकडे फारसे मनावर घेऊ नयेत. बहुतेक विषाणूंसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापातील कप्प्यांना ‘सेल’ म्हटले, ते संयुक्त सूक्ष्मदर्शकातून पाहूनच. पण तेव्हाच्या भिंगांत रंगदोष फार. परिणामी लेव्हेनहूक यांना आपल्या एकाच भिंगातून अधिक स्पष्ट दिसे. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी भिंगांची योग्य जुळणी दाखविली आणि चित्र पालटले.

क्षयाच्या जंतूंसाठी १०० पट वस्तुभिंग वापरतात. काच आणि हवा यांच्या सीमेवर किरण वळून भिंगाबाहेर जातात. मध्ये काचेसारखाच अपवर्तनांक असलेल्या तेलाचा थेंब टाकला, की ते भिंगात शिरतात. खास पद्धतीने रंगविलेल्या थुंकीच्या नमुन्यात आम्लाने धुऊनही तांबडा रंग न सोडणाऱ्या बारीक काड्या दिसतात. तेच क्षयाचे जंतू.