शेवटच्या कडव्यातील नाव

ग्रंथकर्त्याचे नाव मुखपृष्ठावर असते. शाहिराचे नाव गीताच्या अखेरच्या कडव्यात असते. भेद लहान दिसतो, परंतु मराठी कवितेच्या एका मोठ्या शाखेचा इतिहास त्यात साठलेला आहे. ग्रंथ उघडण्यापूर्वीच कर्ता कोण हे वाचकास कळते. शाहिराच्या श्रोत्यास ते कळण्यासाठी शेवटपर्यंत बसावे लागे.

उत्तर पेशवाईतील हे कवी ज्या स्थळी लोकांस प्रथम ठाऊक झाले, ती स्थळे काही भव्य नव्हती. देवळाचा सभामंडप, वाड्याचा चौक, जत्रेतील मोकळी जागा, यांपैकी काहीही चाले. मध्ये डफ व तुणतुणे घेतलेले गाणारे, पाठीमागे झील धरणारे साथीदार, आणि सभोवार गुडघ्यास गुडघा लावून बसलेली मंडळी. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व सांगत, तुरेवाले शिवाचे. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने त्याचा जबाब द्यावा, आणि यातच रात्र सरावी. तेथे पोथीचा आधार दाखवून कोणी सुटत नसे. उत्तर पटले की नाही, हे समोरच्या घोळक्याच्या मुद्रेवरूनच कळे. कवीची पारख करणारे पहिले रसिक ते हेच.

या रसिकांनी कोणाकोणास उचलून धरले ते पाहावे. अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचा ब्राह्मण, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार, होनाजी पुण्याचा गवळी. डफाभोवतीच्या वर्तुळात इतक्या निरनिराळ्या घरांतील माणसे कवी म्हणून मान पावली, हे त्या काळच्या समाजरचनेत सामान्य नव्हे. सोलापूरच्या राम जोशाविषयी असे सांगतात की, धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसण्याचा नाद त्यास लागला, आणि वैदिक वळणाच्या वडील बंधूने त्यास घराबाहेर काढले. पुढे पंढरपुरास विद्याभ्यास करून तो पंडित झाला; तथापि ती विद्या घेऊन तो परतला तो फडातच.

होनाजीची गोष्ट याहून बोलकी आहे. कवने तो रची व बाळा करंजकर गाई. अखेरच्या कडव्यात मुद्रा येई ती दोघांची, ‘होनाजी बाळा’ अशी. रचणाऱ्याने गाणाऱ्यास आपल्या नावात निम्मा वाटा द्यावा, याइतका सरळ न्याय छापील वाङ्मयाच्या व्यवहारात क्वचितच आढळतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि वाड्यांचे चौक ओस पडले. पाठोपाठ आम्हां इंग्रजी शिकलेल्यांचा वर्ग उदयास आला. त्याने लावणीस ग्राम्य ठरविले आणि पोवाड्यास इतिहासाच्या साधनांत कोठेतरी जागा दिली. १८९१ साली ॲक्वर्थ साहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी लोकांच्या तोंडचे पोवाडे मिळवून छापले, तेव्हा कोठे सुशिक्षितांचे डोळे उघडले. उपकार मोठेच, परंतु तोवर मध्ये दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या. ज्यांची गीते कोणाच्याच तोंडी उरली नव्हती, त्यांस कोणता संग्राहक शोधणार?

परंपरा मात्र आमच्या संमतीसाठी थांबली नाही. रेठरे हरणाक्षच्या कुळकर्ण्यांचा मुलगा श्रीधर घरदार सोडून तमाशात गेला व पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांचा फड कामगार वस्तीत रंगे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत कष्ट करता करता अक्षरे शिकले आणि वस्तीवस्तीतून स्वतःची गाणी गात हिंडले. वामन ही मुद्रा हजारोंच्या ओठी गेली ती अशा बैठकांतून. विद्यापीठांस ती बरीच उशिरा ऐकू आली.

येथे दुसऱ्यास दोष देऊन मला मोकळे होता येत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी, तालुक्याच्या गावी नवा अध्यापक असताना, जवळच्या एका खेड्यातील जत्रेस गेलो होतो. देवळाच्या ओट्यावर एक वृद्ध शाहीर स्वतः बांधलेले गीत गात होता. विषय १९७२ च्या दुष्काळाचा: खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली पोरे, दावणीवरून सोडून दिलेली जनावरे. त्या दुष्काळावर मी पुष्कळ वाचले आहे. इतके खरे काही वाचल्याचे स्मरत नाही. पण शेवटची एस.टी. चुकेल या भयाने मी मधूनच उठलो. कवीचे नाव पुढे येणार हे मला ठाऊक होते. वर्गात मी तेच तर शिकवीत असे!

पुढील वर्षी वही घेऊन गेलो. म्हातारा वारला होता. गावकऱ्यांनी आठवून आठवून तीन कडवी म्हणून दाखविली. अखेरचे कोणासच येईना. घरचे नाव लोकांनी सांगितले, परंतु गीतात तो स्वतःस काय म्हणवीत असे, ते त्याच्याबरोबरच गेले.

ती तीन कडवी माझ्या वहीत आहेत आणि त्यांखालची जागा मी कोरी ठेविली आहे. आजही गावोगावी कोणी ना कोणी आपली रचना गात असेल. वाचकांपैकी कोणी अशा बैठकीत जाऊन बसल्यास, माझी एवढीच विनंती आहे की, शेवटचे कडवे झाल्यावाचून उठू नये.