चाकाच्या कुलपापासून कौंटी कोर्टापर्यंत

इंग्लंडमधली आजची कौंटी कोर्टं 1846 च्या कायद्यातून उभी राहिली. 20 पौंडांपर्यंतची येणी साध्या माणसालाही कमी खर्चात वसूल करता यावीत, हा हेतू. आज तिथे खासगी पार्किंग कंपन्यांच्या दाव्यांचा ढीग पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पूर्वी या कंपन्या चाकाला लोखंडी क्लॅम्प ठोकायच्या आणि पैसे मोजल्याशिवाय गाडी सोडायच्या नाहीत. स्कॉटलंडच्या न्यायालयाने 1992 मध्येच याला खंडणी ठरवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदीला ऑक्टोबर 2012 उजाडला. पण ही बंदी आणणाऱ्या कायद्याच्याच चौथ्या परिशिष्टाने, चालक कोण हे कळलं नाही तरी, काही अटींवर गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडे पैसे मागायची वाट कंपन्यांना मोकळी करून दिली. 2015 मध्ये ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्डमधली 85 पौंडांची आकारणी वैध मानली. तिथले फलक मोठे आणि ठळक होते, हे मात्र विसरू नये.

लेस्टरमध्ये आमच्या शेजारच्या काकूंवर असाच दावा आला. कॅमेऱ्याने टिपलेली तारीख आणि पहिल्या नोटिशीची तारीख यांत तीन आठवड्यांचं अंतर! कॅमेऱ्यावरून काढलेली नोटीस 14 दिवसांत पोचली नाही, तर त्या परिशिष्टाचा आधार घेता येत नाही. बचावात आम्ही तोच मुद्दा आधी मांडला.

दाव्याचा कागद आला तर बाजूला टाकू नका. बजावणीपासून 14 दिवसांत पोच द्या, म्हणजे बचावाला एकूण 28 दिवस मिळतात. गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागतो.