येव्गेनी म्राविन्स्की यांची ध्वनिमुद्रणे

येव्गेनी अलेक्सान्द्रोविच म्राविन्स्की (४ जून १९०३, सेंट पीटर्सबर्ग – १९ जानेवारी १९८८, लेनिनग्राड) हे सोव्हिएत काळातील ख्यातनाम रशियन वाद्यवृंद-संचालक होते. १९३८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, ते लेनिनग्राड फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. एकाच वाद्यवृंदाशी इतका दीर्घकाळ जोडलेले राहिल्याची उदाहरणे पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात फार थोडी आहेत. रशियाबाहेरील बहुसंख्य श्रोत्यांना म्राविन्स्की परिचित झाले ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमधून. प्रत्यक्षात १९६१ नंतर त्यांनी ध्वनिमुद्रणगृहात काम केले नाही. त्यानंतर प्रसिद्ध झालेले त्यांचे सर्व वादन मैफली चालू असताना टिपलेले आहे. त्यामुळे त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे दोन वेगळे संच मानावे लागतात आणि त्यांचे मूल्यमापनही वेगवेगळ्या निकषांवर करावे लागते.

पार्श्वभूमी

म्राविन्स्की यांचा जन्म सरदार घराण्यात झाला. विख्यात गायिका येव्गेनिया म्राविना या त्यांच्या आत्या होत्या. क्रांतीनंतर घरची स्थिती पालटली. तरुण म्राविन्स्की यांनी रंगमंदिरात मूकपात्र म्हणून उभे राहण्याचे कामही केले. विद्यापीठात काही काळ जीवशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. पुढे तेथील ऑपेरा व बॅले रंगमंदिरात (पूर्वीचे व आजचे मारिन्स्की) त्यांनी बॅलेचे संचालन केले. चायकोव्स्की यांच्या बॅले-संगीताशी आलेला हा निकटचा संबंध त्यांच्या पुढील कामात जाणवतो: नृत्याच्या पावलांना जी लयीची शिस्त लागते, ती ते सिंफनीतही सोडत नाहीत.

१९३८ मध्ये मॉस्को येथील अखिल सोव्हिएत संचालक स्पर्धेत ते पहिले आले आणि त्याच वर्षी लेनिनग्राड फिलहार्मोनिकची सूत्रे त्यांच्याकडे आली. वाद्यवृंदाचे घर म्हणजे नेव्हस्की मार्गानजीकचे, पांढऱ्या स्तंभांचे मोठे सभागृह. पूर्वी ते सरदारांच्या मंडळाचे सभागृह होते. याच वास्तूत २८ ऑक्टोबर १८९३ रोजी चायकोव्स्की यांनी आपली सहावी सिंफनी स्वतः संचालित करून प्रथम सादर केली आणि नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले. म्राविन्स्की यांची नंतरच्या काळातील बरीचशी ध्वनिमुद्रणे याच सभागृहातील आहेत.

शोस्ताकोविच यांची पाचवी सिंफनी

म्राविन्स्की यांच्या ध्वनिमुद्रणांचा आरंभ दिमित्री शोस्ताकोविच यांच्या पाचव्या सिंफनीशी निगडित आहे. जानेवारी १९३६ मध्ये 'प्रावदा' वृत्तपत्राने शोस्ताकोविच यांच्या ऑपेरावर कठोर टीका केली होती. त्या काळी अशी टीका म्हणजे केवळ रसिकांची नापसंती नव्हे, तर जिवावरचे संकट होते. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये पाचवी सिंफनी प्रथम वाजली तेव्हा संचालक म्हणून चौतिशीतले म्राविन्स्की उभे होते. श्रोत्यांनी दीर्घकाळ उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्यानंतर थोड्याच काळात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, म्राविन्स्की यांनी ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली.

या पहिल्या वादनाच्या तयारीची हकिगत म्राविन्स्की यांनी पुढे लिहून ठेवली आहे. संगीतकाराकडून गतीविषयी स्पष्ट उत्तरे मिळत नसत, म्हणून ते पियानोवर मुद्दाम चुकीच्या गतीत वाजवीत. शोस्ताकोविच चिडून थांबवीत आणि मग हवी ती गती सांगत. अशा रीतीने एकेक गती ठरत गेली. स्वरलिपीतील प्रत्येक मात्रेविषयी हा मनुष्य प्रश्न विचारतो, हे पाहून आपण सुरुवातीला धास्तावलो होतो, असे शोस्ताकोविच यांनीही नमूद केले आहे.

या हकिगतीला ध्वनिमुद्रणांच्या संदर्भात महत्त्व आहे. पाचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागाचा समारोप किती गतीने वाजवावा, याबद्दल दीर्घकाळ मतभेद आहेत. छापील प्रतींमध्येच मेट्रोनोमचा आकडा निरनिराळ्या स्वरमूल्यांपुढे दिलेला आढळतो. लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या १९५९ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात हा समारोप वेगाने धावतो आणि विजयघोष वाटतो. म्राविन्स्की तोच समारोप संथ व जड ठेवतात. एकच स्वर घणाचे घाव पडावेत तसा पुन:पुन्हा आदळत राहतो आणि हा आनंद स्वेच्छेचा की सक्तीचा, असा प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहतो. संगीतकाराच्या शेजारी बसून गती ठरविणाऱ्या संचालकाची साक्ष म्हणून या वादनाचे वजन अर्थातच अधिक आहे. म्राविन्स्की यांनी ही सिंफनी आयुष्यभर वाजविली. तोक्यो येथील १९७३ ची व व्हिएन्नातील १९७८ ची मैफल त्यांच्या उपलब्ध वादनांपैकी विशेष मानल्या जातात.

युद्धकाळ आणि आठवी सिंफनी

१९४१ मध्ये लेनिनग्राडला वेढा पडण्यापूर्वी फिलहार्मोनिक वाद्यवृंद सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे हलविण्यात आला आणि १९४४ पर्यंत तेथेच राहिला. वेढ्यात अडकलेल्या शहरात ९ ऑगस्ट १९४२ रोजी शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी वाजविली गेली ती म्राविन्स्की यांच्या संचालनाखाली, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. ती मैफल कार्ल एलियासबर्ग यांनी नभोवाणीच्या वाद्यवृंदातील उरलेल्या, उपासमारीने खंगलेल्या वादकांना घेऊन केली. त्या अपूर्व मैफलीचे श्रेय एलियासबर्ग यांचेच आहे. म्राविन्स्की यांनी सातवी सिंफनी त्याच उन्हाळ्यात नोव्होसिबिर्स्क येथे सादर केली आणि १९५३ मध्ये ती ध्वनिमुद्रित केली.

आठवी सिंफनी मात्र सर्वार्थाने म्राविन्स्की यांची आहे. शोस्ताकोविच यांनी ती त्यांनाच अर्पण केली असून ४ नोव्हेंबर १९४३ रोजी मॉस्को येथे तिचे पहिले वादन त्यांनी केले. युद्धाच्या ऐन धामधुमीत लिहिलेल्या या कृतीत विजयाची ग्वाही नव्हती. १९४८ च्या पक्षीय ठरावानंतर ती कित्येक वर्षे सोव्हिएत व्यासपीठांवरून नाहीशी झाली. त्याआधीच, १९४७ मध्ये, म्राविन्स्की यांनी ती लेनिनग्राडमध्ये ध्वनिमुद्रित केली होती.

या सिंफनीची त्यांची दोन पुढील वादने आवर्जून ऐकण्यासारखी आहेत. पहिले २३ सप्टेंबर १९६० रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील. बीबीसीने टिपलेले हे वादन बऱ्याच वर्षांनी ध्वनिमुद्रिकेवर आले. दुसरे २८ मार्च १९८२ चे, लेनिनग्राडमधील. तेव्हा म्राविन्स्की अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हातात छडी न घेता, खुर्चीवर बसून, अगदी मोजक्या हालचालींनी ते संचालन करीत. पहिल्या भागातील प्रचंड कल्लोळ ओसरल्यावर इंग्लिश हॉर्नचा एकाकी स्वर सुरू होतो, तो दोन्ही वादनांत अंगावर काटा आणतो. परंतु १९८२ मध्ये त्यामागची शांतता अधिक खोल आहे.

चायकोव्स्की यांच्या सिंफनी

म्राविन्स्की यांची सर्वाधिक खपलेली आणि सर्वांत चर्चिली गेलेली ध्वनिमुद्रणे म्हणजे जर्मनीच्या डॉइचे ग्रामोफोन कंपनीसाठी केलेल्या चायकोव्स्की यांच्या चौथ्या, पाचव्या व सहाव्या सिंफनी. १९५६ मध्ये वाद्यवृंद व्हिएन्नाला गेला असता पाचवी व सहावी म्राविन्स्की यांनी आणि चौथी त्यांचे सहकारी कुर्ट झांडरलिंग यांनी ध्वनिमुद्रित केली होती. ती मोनो पद्धतीची होती. चार वर्षांनी, १९६० च्या पश्चिम युरोप दौऱ्यात, म्राविन्स्की यांनी तिन्ही सिंफनी स्टीरिओत पुन्हा केल्या: चौथी लंडनजवळच्या वेम्ब्ली टाउन हॉलमध्ये आणि उरलेल्या दोन व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात. हा संच तेव्हापासून बाजारातून फारसा हटलेला नाही.

चायकोव्स्की म्हणजे भावविवशता, अशी एक समजूत रूढ आहे. या ध्वनिमुद्रणांत तिला थारा नाही. म्राविन्स्की गती सैल सोडत नाहीत, सुरेल जागांवर रेंगाळत नाहीत. चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग अशा वेगाने जातो की ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा. तरीही तंतुवाद्यांचा एकेक स्वर स्वच्छ ऐकू येतो. पितळी वाद्यांचा आवाज पाश्चिमात्य कानांना काहीसा उग्र वाटतो, आणि फ्रेंच हॉर्नमधील सौम्य कंपन ही तर त्या काळच्या रशियन वादनाची ओळखच होती. काही श्रोत्यांना हे वादन कठोर वाटते. पण ज्या संगीताला रडवेपणाचा शिक्का बसला होता, त्याचा भक्कम कणा या तबकड्यांनी दाखवून दिला, हेही मान्य करावे लागेल.

वाद्यवृंदाची बैठक हा येथे महत्त्वाचा मुद्दा आहे. म्राविन्स्की पहिली व्हायोलिने डावीकडे व दुसरी उजवीकडे, समोरासमोर बसवीत. अनेक वाद्यवृंदांत दोन्ही गट डावीकडे एकत्र बसतात. सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या भागाच्या आरंभी चायकोव्स्की यांनी एक विलक्षण योजना केली आहे: जी उतरती, व्याकुळ स्वरावली आपल्याला ऐकू येते, ती प्रत्यक्षात कोणताही एक गट वाजवीत नाही. तिचे स्वर आळीपाळीने पहिल्या व दुसऱ्या व्हायोलिनांना वाटून दिलेले आहेत. कोणताही गट सुटा ऐकला तर ती स्वरावली सापडतच नाही. दोन्ही गट एकत्र बसले की ही योजना कागदावरच राहते. म्राविन्स्की यांच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणात मात्र ती डाव्या-उजव्या बाजूंमध्ये विभागलेली जाणवते आणि पुढे तीच स्वरावली परत येते तेव्हा ती सलगपणे पहिल्या व्हायोलिनांकडे सोपविलेली आहे, हा फरकही कळतो. मोनो आवृत्तीत हे कळण्यास वाव नाही. १९५६ ची तबकडी संगीताच्या दृष्टीने कमी प्रतीची नसूनही १९६० ची का हवी, याचे हे एक सबळ कारण आहे.

मैफलीतील ध्वनिफिती

१९६१ नंतर म्राविन्स्की यांच्या वादनाचा मागोवा सोव्हिएत नभोवाणीच्या व मेलोदिया या सरकारी ध्वनिमुद्रिका संस्थेच्या ध्वनिफितींवरून घ्यावा लागतो. १९६५ च्या फेब्रुवारीत मॉस्को संगीत विद्यालयाच्या मोठ्या सभागृहात झालेल्या मैफली यांत अग्रस्थानी आहेत. ग्लिंका यांच्या 'रुस्लान आणि ल्युदमिला' ऑपेराची सुरुवातीची रचना या वादनात पाच मिनिटांच्या आत संपते. शेकडो स्वर धावत असताना सारा तंतुवाद्यविभाग एकाच गजाने वाजवीत असल्याचा भास होतो. याच मालिकेत सिबेलियस यांची सातवी सिंफनी, बार्टोक यांचे तंतुवाद्ये, तालवाद्ये व चेलेस्टा यांसाठीचे संगीत, स्ट्राविन्स्की यांचा 'अपोलो' आणि होनेगर यांची तिसरी सिंफनी आहे. सोव्हिएत संचालक म्हणजे रशियन संगीतापुरता, ही समजूत दूर करण्यास एवढे पुरेसे आहे. ब्रुकनर यांच्या सातव्या (१९६७) व नवव्या (१९८०) सिंफनींची वादनेही उपलब्ध आहेत.

शोस्ताकोविच यांच्या तेराव्या सिंफनीचे पहिले वादन १९६२ मध्ये म्राविन्स्की यांनी केले नाही. ते किरिल कोंद्राशिन यांनी केले. त्यानंतर दोघांच्या संबंधात दुरावा आला. म्राविन्स्की यांच्या ध्वनिमुद्रणांत तेरावी व चौदावी नाही. पंधरावी मात्र आहे.

मैफलीतील ध्वनिफितींचे दोष उघड आहेत. लेनिनग्राडच्या हिवाळ्यात श्रोते खोकतात आणि नेमके अतिमंद स्वरांच्या वेळी खोकतात. ध्वनिक्षेपकांची मांडणी दर वेळी सारखी नसते. त्याहून मोठी अडचण तारखांची. एकच वादन निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या तारखा घालून विकल्याची उदाहरणे आहेत, म्हणून चोखंदळ श्रोते वेष्टनावरील मजकुरापेक्षा अभ्यासकांनी सिद्ध केलेल्या मैफलींच्या सूचींवर अधिक विसंबतात.

१९८२ च्या आठव्या सिंफनीची कथा याहून निराळी आहे. फिलिप्स कंपनीने ती सीडीवर प्रसिद्ध केली तेव्हा मूळ ध्वनिफीत योग्य वेगापेक्षा जलद चालविली गेली होती. फीत जलद चालली की दोन गोष्टी एकदम घडतात: वादनाचा कालावधी घटतो आणि स्वर चढतो, जसे काळी एकमध्ये गायिलेले गाणे पांढरी दोनच्या दिशेने सरकावे. परिणामी वाद्यांचा नाद थोडा पातळ व कर्कश झाला आणि म्राविन्स्की यांनी ठरविलेली गतीही बदलली. प्रत्येक मात्रेची गती संगीतकाराकडून काढून घेणाऱ्या संचालकाच्या वाट्याला हे यावे, हा दैवदुर्विलास. पुढे अन्य प्रकाशकांनी स्वरपट्टी दुरुस्त करून हे वादन पुन्हा काढले. ऐकताना दुरुस्त प्रतच निवडावी. त्याच मैफलीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर फरक प्रशिक्षित नसलेल्या कानालाही कळतो.

अखेरची वर्षे

शोस्ताकोविच यांच्या बाराव्या सिंफनीचे एप्रिल १९८४ मधील वादन हे म्राविन्स्की यांचे शेवटचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण होय. १९६१ मध्ये या सिंफनीचे पहिले वादनही त्यांनीच केले होते. त्यांची अखेरची मैफल ६ मार्च १९८७ रोजी झाली. तीत शूबर्ट यांची 'अपूर्ण' सिंफनी व ब्राह्म्स यांची चौथी सिंफनी होती. त्यांच्या निधनानंतर युरी तेमिरकानोव्ह वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. शहराचे जुने नाव परत आल्यावर हा वाद्यवृंद सेंट पीटर्सबर्ग फिलहार्मोनिक या नावाने ओळखला जातो.