डावा मेंदू, उजवा मेंदू आणि उलटी फाइल

जरा फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि टी-शर्टवरची अक्षरं बघा. स्क्रीनवर उलटी दिसतायत ना? आता टी-शर्ट साधा, कोरा असता तर? डावं-उजवं बदललंय हे कळलंही नसतं. मेंदूच्या स्कॅनचं नेमकं असंच होतं.

मेंदूच्या दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या, पण कामं वेगळी. बोलण्याचं काम बहुतेकांमध्ये डावीकडून चालतं, हे पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६०च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणजे स्कॅन उलटा झाला, तर अभ्यासाचा निष्कर्षही उलटा.

पण मुळात उलटा होतो कसा? रेडिओलॉजीवाले रुग्णाच्या पायाशी उभं राहून बघावं तसं चित्र बघतात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे येते. न्यूरोलॉजीच्या पद्धतीत डावं ते डावीकडेच. त्यात पूर्वी सगळीकडे चालायचा तो मेयो क्लिनिकचा 'अ‍ॅनालाइझ' नावाचा फाइल-प्रकार. चित्र एका फाइलमध्ये, चित्राची माहिती म्हणजे 'हेडर' दुसऱ्या फाइलमध्ये, आणि डावी बाजू कुठली हे त्यात धड स्पष्टच नाही! प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला अर्थ लावायचं. काही संशोधक तर स्कॅन करताना डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवायचे. ती स्कॅनमध्ये चमकते, त्यामुळे बाजू पक्की होते. आपल्या भाषेत, जुगाड.

२०००नंतर 'निफ्टी' आलं. शेअर बाजारातलं नव्हे हो, हाही फाइल-प्रकारच! यात दिशा लिहायला नीट जागा होती. पण जुनी फाइल नव्यात बदलताना ती जागा कुणी रिकामी सोडली किंवा अंदाजाने भरली, तर चूकही नव्या कपड्यात पुढे गेली.

मग डेटा सगळ्यांसाठी खुला करायचे दिवस आले. २००९च्या डिसेंबरमध्ये 'थाउजंड फंक्शनल कनेक्टोम्स' प्रकल्पाचे स्कॅन इंटरनेटवर आले. पुढच्या वर्षी त्यावर जो शोधनिबंध आला, त्याचे पहिले लेखक होते भरत बिस्वाल. ३५ केंद्रं, १,४१४ माणसं, डाउनलोड फुकट. कमाल गोष्ट होती ही. फक्त एकच, डाउनलोड करणाऱ्याने ना तो स्कॅनर पाहिलेला, ना ती माणसं. हेडर जे सांगेल ते खरं.

२०२० साली अमेरिकेतल्या डॅनियल ग्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंध लिहून सांगितलं की डावं-उजवं उलटणं आश्चर्य वाटावं इतकं सर्रास आहे. उदाहरणं? हाच प्रकल्प, ऑटिझमच्या अभ्यासाचा 'अबाइड' हा संग्रह, आणि 'ओपन-एफएमआरआय'.

त्यांची युक्ती मला फार आवडते. एकाच माणसाचे सहसा दोन प्रकारचे स्कॅन असतात: एक मेंदूची रचना दाखवणारा, स्पष्ट, दुसरा मेंदूचं काम टिपणारा, धूसर. संगणकाला सांगायचं, धूसर चित्र स्पष्ट चित्रावर बसव. मग स्पष्ट चित्र आरशासारखं उलटं कर आणि पुन्हा बसव. उलट्यावरच जास्त चांगलं बसलं? मग कुठेतरी घोळ आहे. मेंदू जवळजवळ सारखा असला तरी अगदी सारखा नसतो, घड्या थोड्या वेगळ्या असतात. तेवढा फरक पुरतो.

पण दोनपैकी चुकीचं कुठलं? ते ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी मूळ प्रयोगशाळेला विचारावं लागतं, स्कॅनरमधून निघालेल्या पहिल्या फाइली शोधाव्या लागतात. आणि तिथे स्कॅन करणारा विद्यार्थी कधीचाच दुसरीकडे गेलेला असू शकतो. शिवाय वेबसाइटवरची फाइल सुधारली, तरी आधी डाउनलोड झालेल्या प्रतींचं काय? त्या लोकांच्या हार्ड डिस्कवर तशाच उलट्या. 'ओपन-एफएमआरआय'चं पुढे 'ओपन-न्यूरो' झालं. तिथे डेटाच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो, त्यामुळे आपण कुठल्या आवृत्तीवर काम केलं हे निदान सांगता तरी येतं.

आणि दोन्ही स्कॅन एकसारखेच उलटलेले असतील तर? ते एकमेकांवर मस्त बसतात. चाचणीला काहीच सापडत नाही. तिथे परत ती व्हिटॅमिनची कॅप्सूलच कामाला येते, कुणी चिकटवली असेल तर!