तुकडे कुणाचे?
‘आमोरेस पेरोस’ (2000), ‘21 ग्रॅम्स’ (2003) आणि ‘बाबेल’ (2006) एकत्र केल्यावर मेक्सिकोचे दिग्दर्शक इन्यारितू आणि लेखक आरियागा यांचं कर्तृत्वाच्या श्रेयावरून फाटलं. काळाचे तुकडे उलटसुलट मांडणारी या तिन्ही चित्रपटांची शैली मला तरी लेखकाची वाटते. दिग्दर्शक टॉमी ली जोन्ससाठी आरियागांनी लिहिलेल्या, 2005च्या चित्रपटात एकच प्रेत तीनदा पुरलं जातं आणि पूर्वार्धात काळ असाच मागेपुढे उड्या मारतो. त्या पटकथेला कान चित्रपट महोत्सवात पारितोषिकही मिळालं. उलट, आरियागांविना केलेला इन्यारितूंचा ‘बिउतिफुल’ (2010) बराचसा सरळ चालतो. कुणी म्हणेल, तुकडे पडद्यावर सांधले ते दिग्दर्शकानंच. ‘बर्डमॅन’चं ऑस्करही त्यांनी आरियागांविनाच मिळवलं की! मान्य. पण तुकडे सांधण्याचं ते कसब दिग्दर्शनाचं. ‘बाबेल’च्या श्रेयनामावलीत कल्पना दोघांच्या नावावर आहे, पटकथा मात्र एकट्या आरियागांच्या.